दमाजी गायकवाडाची कैद व सुटका

दमाजी गायकवाडाच्या कैदेची हकीकत विश्वासघाताची कथा म्हणूनच बहुधा सांगितली जाते. आमच्या मतें तें मुळांत गुजराथच्या वसुलाचें प्रकरण असून, त्यांत खरे बुडाले ते दमाजीचे धनी दाभाडे होत.

शाहूमहाराज १७४९ च्या डिसेंबरांत निवर्तले. कर्जानें गांजलेल्या बाळाजी बाजीरावांनीं दाभाडे सेनापतींकडे गुजराथचें निम्में उत्पन्न मागितलें. उमाबाई दाभाडे यांनीं तें नाकारलें. पुढें २४ नोव्हेंबर १७५० रोजीं ताराबाईंनीं रामराजास साताऱ्यास कैदेंत टाकलें, तेव्हां उमाबाईंनीं त्यांचा पक्ष धरून दमाजीस फौजेनिशीं पाठविलें. मार्च १७५१ मध्यें त्यानें निंब येथें पेशव्यांच्या फौजेचा मोड केला; परंतु लवकरच वेण्णेकांठीं कोंडी होऊन त्यास तहाचें बोलणें लावावें लागलें. तें चालू असतांच, एप्रिलच्या अखेरीस, पेशव्यांनीं त्याच्या छावणीवर छापा घातला. दमाजी प्रथम पुण्यास व मग लोहगडावर अटकेंत राहिला. या दग्यामुळें तो पुढें पेशव्यांस डाव्या हातानें मुजरा करी, अशी आख्यायिका आहे.

सरदार हातीं आला, पण गुजराथ हातीं आली नाहीं. तेथील ठाणीं गायकवाडाच्या माणसांकडे होतीं. अहमदाबादेंत जवानमर्दखान बाबी बसला होता. म्हणून १७५२ सालीं करार ठरला: गुजराथ निमेनिम वांटावी, दमाजीनें एकवार १५ लक्ष व दरसाल सव्वापांच लक्ष रुपये द्यावे, आणि दाभाड्यांचा पक्ष सोडावा. दमाजी सुटला, आणि एप्रिल १७५३ मध्यें त्यानें व रघुनाथरावांनीं मिळून अहमदाबाद घेतली.

चीनच्या यादवींत जानेवारी १९४९ मध्यें पेकिंग शहर वाटाघाटीनें स्वाधीन करणारा सेनापति फू झ्वोयी नव्या सरकारांत मंत्री झाला. त्यास खातें मिळालें. दमाजीस मुलूखच परत मिळाला. कारण त्याच्यावांचून तो मुलूख पेशव्यांस राखतां येत नव्हता. सुटकेचें मोल मात्र दाभाड्यांच्या हक्कांतून दिलें गेलें.

यास्तव ज्यांच्या संग्रहीं या सालांचे गुजराथच्या वसुलाचे ताळेबंद अगर दाभाडे दप्तरांतील यादी असतील, त्यांनीं तीं कलमें आधीं ताडून पाहावीं, आणि मग बखरींतील कथा वाचाव्या.