अंगणातील कुत्रा आणि घरचे मूल : श्वानदंशाच्या इतिहासाची एक उपेक्षित बाजू

श्वानदंशाचा इतिहास आपल्याकडे बहुधा शहरांतील मोकाट कुत्र्यांचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. जून १८३२ मध्ये कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मुंबईत पारशी समाजाने केलेल्या दंग्याचा दाखला अभ्यासक हटकून देतात. पूर्वीच्या पश्चिम खानदेशात मोडणाऱ्या आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यास मात्र ही चौकट लागू पडत नाही.

अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगराळ भागात भिल्ल आणि पावरा कुटुंबांची घरे आपापल्या शेतात विखुरलेली असतात. तेथील कुत्रा हा शेळ्यांचा व पिकाचा राखणदार होय. तो बांधलेला नसतो आणि मूल त्याच्याच सोबतीने वाढते. साहजिकच धोकाही ओळखीच्या जनावराकडूनच संभवतो : कुत्रा खात असता मूल जवळ गेले, अथवा व्यालेल्या कुत्रीची पिल्ले त्याने उचलली, म्हणजे. मुलाची उंची बेताची असल्यामुळे चावा पुष्कळदा तोंडावर वा मानेवर बसतो. कुत्रा पिसाळलेला असल्यास अशा जखमेतून विषाणू मेंदूपर्यंत लवकर पोहोचतो.

विशेष हे की, लसीचा इतिहासही अशाच प्रसंगापासून सुरू होतो. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चरची पहिली लस ज्यास टोचण्यात आली तो जोसेफ मायस्टर नऊ वर्षांचा होता, आणि त्यास चावलेला कुत्रा एका वाण्याचा पाळीव होता. भारतात १९०० साली कसौलीस पाश्चर संस्था निघाली. तेथे सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून मृत लस सिद्ध केली. तिच्यामुळे रोग्यास संस्थेपर्यंत नेण्याऐवजी लसच रोग्याकडे धाडणे शक्य झाले. ही घटना, माझ्या मते, मूळ शोधाइतकीच महत्त्वाची आहे. पोटात चौदापर्यंत सुया टोचण्याची ती पद्धत २००४-०५ च्या सुमारास बंद पडली व पेशीसंवर्धित लस सर्वत्र आली.

लस अशी अंतर कापीत आली तरी जखम व दवाखाना यांमधील वेळ उरतोच. मार भिऊन मूल ओरखडा लपविते. कोणी जखमेवर चुना वा मिरची लावते. शास्त्र सांगते ते इतकेच, की जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. उन्हाळ्यात जेथे पाणी खालच्या नाल्यावरून डोक्यावर वाहून आणावे लागते, तेथे पंधरा मिनिटांचे वाहते पाणी म्हणजे एका घराचा दिवसभराचा साठा होय.