मात्रा, वेढे आणि बाटलीवरची खूण

‘मात्रा’ हा शब्द छंदशास्त्र आणि वैद्यक या दोन्ही घरांत नांदतो. वृत्तात तो उच्चाराला लागणाऱ्या काळाचे माप आहे. वैद्यकात औषधाचे प्रमाण. शिवाय हेमगर्भासारखे उगाळून द्यायचे औषध, तेही मात्राच. ‘मात्रा लागू पडली नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा चूक औषधाची की प्रमाणाची, हे त्या वाक्यातून कळत नाही. मापाचा हा इतिहास मला शब्दाच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण माप कोणाच्या हाती होते हे त्यातून कळते.

येवल्याच्या आमच्या घरी ते आजीच्या हाती होते. बाळगुटी उगाळताना ती सहाणेवर वेढे मोजी: हिरड्याचे इतके, जायफळाचे तितके. गुटीची भलामण मला करायची नाही. पण मोजणारा हात आणि पाजणारा हात तेथे एकच होता, एवढे नोंदवतो. पुढे दवाखाने आले आणि माप कंपाउंडरकडे गेले. घरूनच रिकामी बाटली न्यायची, तीत तो गुलाबी मिक्स्चर भरी आणि पाठीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवी. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. वाचता न येणाऱ्या माणसालाही ही लिपी वाचता येई.

प्रतिजैविके आली तीही प्रथम दुसऱ्याच्याच हातून. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. ते मुख्यतः सुईतून द्यायचे औषध. कुपीतल्या भुकटीत पाणी मिसळण्याचे काम डॉक्टरचे. पोटातून घेता येणारी अँपिसिलिन (१९६१) आणि अमॉक्सिसिलिन (१९७२) ही औषधे निघाली, त्यांची मुलांसाठी सिरप आली, आणि कंपाउंडरचे काम प्रथमच स्वयंपाकघरात येऊन पडले. हे स्थित्यंतर कोणी घोषणा करून झाले नाही. म्हणूनच त्याचे शिक्षणही कोणी दिले नाही.

या वर्गातील रेणू पाण्यात हळूहळू फुटतात. म्हणून बाटलीत सिरप नसते, भुकटी असते. बाटली आपटून भुकटी मोकळी करायची, उकळून पूर्ण थंड केलेले पाणी खुणेच्या बरेच खाली राहील इतके घालायचे, हलवायचे, फेस बसू द्यायचा आणि मगच खुणेपर्यंत भरायचे. फेसालाच पाणी समजून थांबले तर औषध दाट होते आणि प्रत्येक चमच्यात मात्रा वाढते. कालवलेले औषध बहुधा सात दिवस टिकते. काही थंड जागी ठेवायचे असते, काहींना थंडी चालत नाही, म्हणून लेबल वाचावेच लागते. प्रत्येक वेळी बाटली हलवायची, नाहीतर सुरुवातीचे डोस पातळ आणि तळचे दाट. मूल किती वर्षांचे यापेक्षा त्याचे वजन किती यावर मात्रा ठरते, आणि ती सोबतच्या मापानेच मोजायची. घरातला चमचा येथे उपयोगाचा नाही: २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रीसमधील एका पाहणीत घरोघरचे चहाचे चमचे अडीचपासून सात मिलिलिटरहून अधिकपर्यंत भरले. अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला तर औषध थांबवून तत्काळ डॉक्टर गाठायचा. आणि साध्या सर्दीत, जी विषाणूची असते, या बाटलीला हातच लावायचा नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या संदर्भात फ्लेमिंगचे ११ डिसेंबर १९४५ चे नोबेल व्याख्यान अवश्य वाचावे. त्याच्या शेवटी एक चिमुकली शोककथा आहे. घसा दुखणारा एक गृहस्थ स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो, अपुरे घेतो. जंतू मरत नाहीत, शिकतात. तेच जंतू त्याच्या पत्नीला लागतात आणि औषध असूनही ती मरते. गंमत अशी की कथेतला जंतू चुकला. घशाचा तो स्ट्रेप्टोकॉकस पेनिसिलिनला आजही शरण आहे. स्टॅफिलोकॉकसने मात्र काही वर्षांतच ती कथा खरी केली.

उरलेले जपून ठेवणे हा विणकरांच्या गावाचा गुण. जरीचा तुकडाही येवल्यात कोणी टाकत नाही. बहिणीच्या घशासाठी डॉक्टरांनी सात दिवसांचे सिरप दिले होते. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आणि आईने अर्धी बाटली फडताळात ठेवली. काही आजारांत आता कमी दिवसांचे उपचारही पुरेसे ठरले आहेत, पण ते दिवस डॉक्टर ठरवतो, उतरलेला ताप नव्हे. दोन महिन्यांनी धाकट्याचा कान ठणकू लागला तेव्हा ती बाटली निघाली. चार दिवस तो ते औषध घेत होता. पाचव्या दिवशी कान फुटला.

डॉक्टरांनी काय दिले म्हणून विचारले तेव्हा आईने बाटली पुढे केली, काहीशा अभिमानानेच. पांढरे औषध पिवळे पडले होते. ते काही बोलले नाहीत. बाटली मोरीत ओतली आणि रिकामी करून तिच्या हाती दिली. भावाला त्या कानाने आजही कमी ऐकू येते. आई ती बाटली पुढे कित्येक वर्षे तेलासाठी वापरत असे. खुणेची रेघ तिच्यावर तशीच होती.