कान्हेरीचे भिक्खू मे महिन्यात काय प्यायचे?

पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण ‘अमुक विहाराचा इतिहास आणि वास्तुरचना’ असा विषय घेऊन येतात. शीर्षक भारदस्त आहे, पण त्यात विचारलंय काय? सिनॉप्सिसची दहा पानं भरतात आणि मुलाखतीत पहिल्याच मिनिटाला कोणीतरी विचारतं, ‘तुमचा प्रश्न काय?’ आज एकच विहार घेऊन, एका साध्या प्रश्नाने कुठवर जाता येतं ते दाखवतो. विहार कान्हेरीचा, प्रश्न पाण्याचा. मी विज्ञानाचा माणूस, त्यामुळे मूर्तींआधी माझं लक्ष नळाकडे जातं, हेही सांगून ठेवतो.

कान्हेरी म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली लेणी. शिलालेखांतलं नाव कण्हसेल, कण्हगिरी, म्हणजे काळा डोंगर. इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपास इथलं खोदकाम सुरू झालं आणि वस्ती जवळपास हजार वर्षं टिकली. लेण्यांची संख्या शंभराच्या वर. पर्यटक बघतात ते तीन नंबरचं चैत्यगृह. गजसेन आणि गजमित्र या दोन व्यापारी भावांनी ते यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या अखेरीला करवलं. व्हरांड्यात दोन टोकांना सुमारे सात मीटर उंचीचे बुद्ध उभे आहेत, ते पुढच्या काळातले. त्यांच्यासोबत फोटो काढून बहुतेक लोक परत फिरतात.

तुम्ही मात्र डोंगर चढत वर जा. अजिंठ्याला मोठा मंडप आणि तिन्ही बाजूंना खोल्या, असं वसतिगृहासारखं रूप दिसतं. कान्हेरीत बहुतेक ठिकाणी तसं नाही. चार पायऱ्या, दोन खांबांचा छोटा व्हरांडा, आत लहानशी खोली, भिंतीलगत दगडी बाक, त्याच्या आत झोपण्याची एखादी कोठडी, भिंतीत जाळीची खिडकी. थोडक्यात, वन रूम किचन, फक्त किचन नाही. आणि दाराबाहेर, अंगणाच्या एका बाजूला, खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. अशी घरं ओळीने, एकावर एक. त्यांना जोडणाऱ्या पायऱ्याही खडकातच कोरलेल्या.

शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हणतात आणि लेण्याला ‘लेण’. अनेक दानलेखांत दोन्ही शब्द जोडीने येतात: अमक्याने लेण आणि पोढी दान दिली. टाकं नंतर सुचलेलं नव्हतं, घराच्या मूळ हिशोबातच होतं.

आता जरा थांबून विचार करा. पाठ्यपुस्तकात आपण वाचतो की लेणी वर्षावासासाठी होती: भिक्खू वर्षभर फिरायचे आणि पावसाळ्यात एका जागी राहायचे. पण मुंबईत पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. नुसतं पावसाळ्यात राहायचं असेल तर टाकं कशाला? छतावरून धारा लागलेल्या असतात, समोर ओढा वाहत असतो. टाकं लागतं ते पुढच्या आठ महिन्यांना. आमच्या कसबा बावड्यात जुलै उजाडला की राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालं हाच विषय. ३९ ला इशारा, ४३ ला धोका हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. एप्रिलचं पाणी कोणी मोजत बसत नाही. कान्हेरीवाल्यांना नेमकं तेच मोजावं लागत होतं. घरटी टाकं असणं हा इथे बारमाही वस्ती असल्याचा पुरावा आहे, असं माझं मत. एकट्या टाक्यावर सगळा भार टाकू नये हे मान्य, पण ‘वर्षावास’ हे उत्तर इथे पुरत नाही.

टाक्याची रचनाही बघण्यासारखी. तोंड लहान, चौकोनी. आत पोट मोठं, खडकाखाली पसरलेलं. ऊन पडतं त्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ कमी, म्हणून बाष्पीभवन कमी. पन्हाळा-विशाळगड फिरलेल्यांना गडावरची टाकी माहीत असतीलच. इथे लेण्याच्या दर्शनी भागावरून येणारं पाणी खोदलेल्या पन्हळींनी टाक्याकडे वळवलेलं दिसतं. उदाहरणादाखल तीन मीटर लांब, रुंद आणि खोल टाकं धरू. २७ घनमीटर, म्हणजे २७,००० लिटर. माणशी रोज २० लिटर आणि २४० दिवस धरले तर ४,८०० लिटर. पाच माणसांचं भागतं. हे आकडे माझे, हिशोब समजावण्यापुरते. पण टाक्यांची मापं घेतली (गाळ काढून, हे महत्त्वाचं), तर लोकसंख्येची वरची मर्यादा तरी काढता येईल. झाला की नाही प्रश्न तयार?

यातून राजकीय इतिहास कसा निघतो ते बघा. पाच नंबरच्या लेण्याजवळ टाक्यावर एक लेख आहे. तो तुटका आहे. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख येतो. ती कार्दमक कुळातली, महाक्षत्रप ‘रु…’ याची मुलगी. पुढची अक्षरं गेली आहेत. दान कशाचं? पाण्याच्या टाक्याचं, देणारा शतेरक नावाचा अमात्य. अभ्यासक हा ‘रु’ म्हणजे रुद्रदामन असं मानतात. म्हणजे सातवाहनांनी ज्या शक क्षत्रपांशी पिढ्यानपिढ्या लढाया केल्या, त्यांच्याच घरची सून आणली.

एका अक्षरावर एवढा मोठा निष्कर्ष? शंका घ्यायलाच हवी. म्हणून दुसरा, स्वतंत्र पुरावा शोधायचा. तो गुजरातेत जुनागढला आहे. इसवी सन १५० च्या सुमाराच्या लेखात रुद्रदामन सांगतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला आपण दोनदा हरवलं, पण जवळच्या नात्यामुळे नष्ट केलं नाही. नातं कोणतं ते तो सांगत नाही. कान्हेरीचं टाकं ती रिकामी जागा भरतं. आणि हा जुनागढचा लेख तरी कशासाठी कोरला? सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध दुरुस्त केला म्हणून! दोन्हीकडे विषय पाण्याचा आणि राजकारण ओघात आलेलं. माझ्या मते अशा ओघात आलेल्या पुराव्यावर प्रशस्तीपेक्षा जास्त भरवसा ठेवावा. तरीही कोणता सातकर्णी, यावर मतभेद आहेत. तुमच्या प्रबंधात ‘सिद्ध झाले’ ऐवजी ‘बहुधा’ लिहा.

पाण्याने वस्ती टिकली, पण पोट आणि कपडे? त्यासाठी ‘अक्षयनीवी’ होती. मुद्दल किंवा शेत कायमचं लावून द्यायचं आणि उत्पन्नातून चिवरं वगैरे खर्च चालवायचा. एका दानात मंगलस्थान गावातलं शेत येतं. ते आजचं मागाठाणे, तिथल्या बसथांब्यावर तुम्ही कदाचित उतरलाही असाल. दाते कल्याण, सोपारा, नाशिक अशा ठिकाणचे. ही पद्धत फार काळ चालली. शके ७७५ मध्ये, राष्ट्रकूट अमोघवर्ष आणि त्याचा मांडलिक शिलाहार कपर्दी यांच्या काळात, गौड देशाहून म्हणजे बंगालकडून आलेल्या गोमिन अविघ्नाकराने १०० द्रम्म ठेव म्हणून दिले. (हे उत्तर कोकणचे शिलाहार. आपल्या कोल्हापूरचे शिलाहार ही वेगळी शाखा, गल्लत करू नका.) नव्वद नंबरच्या लेण्यात तर पहलवी लिपीत पारशी पाहुण्यांची नावं कोरलेली आहेत, सन १००९ आणि १०२१ ची.

ते पहलवी लेख अभ्यासणारा एडवर्ड वेस्ट पेशाने रेल्वेचा इंजिनिअर होता आणि पुढे पहलवीचा मोठा पंडित झाला. ‘आमची बॅकग्राउंड इतिहासाची नाही’ म्हणून मागे राहणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवा. मात्र एक काळजी घ्या: वेस्टने लेण्यांना दिलेले क्रमांक आणि आजचे पुरातत्त्व खात्याचे क्रमांक एक नाहीत. जुन्या लेखातला नंबर घेऊन डोंगरावर गेलात तर भलत्याच लेण्यात शिलालेख शोधत बसाल. आधी दोन्ही क्रमांकांचा तक्ता करून घ्या.

कोल्हापुरातून मुंबई गाठणं लगेच जमणार नसेल, तर जोतिबाच्या वाटेवर पोहाळ्याची लेणी आहेत. टेप, वही आणि टॉर्च घेऊन जा. आत शिरण्याआधी बाहेरचा खडक बघा: उतार कुठे आहे, पाणी कुठून उतरतं, कुठे साठवायला जागा आहे. मे महिन्यात गेलात तर उत्तम.