रुमालाखालचा भाव: खानदेशातील हत्ता पद्धत आणि हात वाचणारी यंत्रे

हत्ता पद्धत म्हणजे बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची बाजारातली जुनी रीत. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा माणूस उपरण्याखाली किंवा रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटे दाबून आकडा सांगतात. आकडा पटला नाही, तर समोरचा तशाच दाबाने आपला आकडा कळवतो. भोवती उभ्या असलेल्यांना सौदा चालला आहे एवढे समजते, भाव समजत नाही. खानदेशात कापसाच्या आणि गुरांच्या बाजारात ही रीत रुळलेली होती.

रीत किती जुनी, याचा चांगला पुरावा एका परदेशी व्यापाऱ्याने ठेवला आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए सतराव्या शतकात सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाताना नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा या वाटेने खानदेशातून गेला. खुणांचा तपशील मात्र त्याने दक्षिणेतल्या हिऱ्यांच्या खाणीवर पाहिला आणि १६७६ साली छापलेल्या प्रवासवर्णनात नोंदवला. सबंध पंजा धरला तर हजार. जितक्या वेळा दाबला तितके हजार. पाच बोटे धरली तर पाचशे, एक बोट धरले तर शंभर. मधल्या पेरापर्यंत अर्धे बोट म्हणजे पन्नास आणि नुसते टोक म्हणजे दहा. हाताचा कोणता भाग धरला यावरून स्थान ठरते, किती बोटे किंवा किती दाब यावरून संख्या. कागद, पाटी किंवा उच्चार यांपैकी काहीही न लागणारी ही पुरती आकडेमोड आहे. साध्या बाजारात इतकी पेरे मोजावी लागत नसत. मालाचा भाव साधारण कुठे आहे हे दोघांनाही ठाऊक असे, त्यामुळे एका बोटाचे मोल रुपया, दहा की शंभर हे सांगावे लागत नसे.

खानदेशात या रीतीचे वजन वाढले ते कापसामुळे. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात हिंदुस्थानातल्या कापसाला एकाएकी मागणी आली. त्याच दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे भुसावळपर्यंत पोचली. जळगाव, धुळे, अमळनेर ही गावे कापसाच्या पेठा झाली, सरकी काढणारे जिनिंगचे कारखाने उभे राहिले आणि हंगामात बैलगाड्यांच्या रांगा लागू लागल्या. गाडी शेतकऱ्याची, माल शेतकऱ्याचा. पण रुमालाखालचे दोन्ही हात अडत्याचे आणि खरेदीदाराचे. मालाचा धनी बाजूला उभा. कोणत्या बोटावर सौदा तुटला हे त्याला हिशेबाची पट्टी हातात पडल्यावर कळे, आणि त्या पट्टीत अडत, हमाली, तोलाई आणि कडता वजा झालेला असे. खूण वाईट नव्हती. तिची किल्ली एकाच बाजूकडे होती, हे वाईट होते.

कायद्याने उपाय केला तो नेमका इथेच. शेजारच्या वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी बाजाराचा कायदा झाला. मुंबई इलाख्याने १९२७ साली कापूस बाजार कायदा केला. त्याखाली नियंत्रित झालेल्या पहिल्या बाजारांत धुळ्याचा बाजार होता. शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ च्या अहवालात गुप्त सौद्यांवर बोट ठेवले आणि नियंत्रित बाजारांची शिफारस केली. पुढे १९३९ चा मुंबई कायदा आणि १९६३ चा महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न बाजार कायदा आला. बाजार समितीच्या आवारात उघड लिलाव हा नियम झाला. भाव तोंडाने पुकारायचा आणि शेतकऱ्याच्या कानावर पडला पाहिजे, ही खानदेशातल्या कापूसकऱ्याने मिळवलेली मोठी गोष्ट आहे. गुरांच्या बाजारात दलालाचा रुमाल त्यानंतरही टिकून राहिला.

हाताच्या खुणांनी सांगण्याची कल्पना पुढे अगदी वेगळ्या ठिकाणी, संगणकाच्या कामात आली. अमेरिकेत मायरन क्रूगर यांनी १९७० च्या दशकात कॅमेऱ्यापुढच्या हालचालींना उत्तर देणारी चित्रे तयार केली. १९८० साली एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी बोट दाखवून आणि बोलून पडद्यावरची वस्तू हलवण्याचा प्रयोग केला. या क्षेत्रात एक नाव खानदेशाच्या शेजारचे आहे. नाशिकमध्ये जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर यांनी सहकाऱ्यांसह २००७ साली हालचाल टिपणारी यंत्रणा मांडली. तिचे नाव ‘प्रकाश’. तिच्यात प्रकाश ओळखणाऱ्या बारीक टिकल्या कपड्यात दिसणार नाहीत अशा बसवता येत आणि उजेडात नेऊनही त्या काम करत.

सामान्य प्रोग्रामरच्या हाती हे तंत्र आले ते नोव्हेंबर २०१० मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या किनेक्ट कॅमेऱ्यामुळे. तो अदृश्य अवरक्त ठिपके टाकून अंतर मोजत असे. कंपनीने तो खेळांसाठी विकला होता. त्याच्यासाठी स्वतः प्रोग्राम लिहिण्याची साधने दिली नव्हती. एका अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स दुकानाने कॅमेरा संगणकाला जोडणारा खुला ड्रायव्हर लिहिणाऱ्याला बक्षीस लावले आणि काही दिवसांतच एक्टर मार्टिन या तरुणाने तो लिहून दाखवला. कॅमेऱ्याचे मूळ तंत्र बनवणाऱ्या इस्रायली प्राइमसेन्सने ओपनएनआय हा प्रोग्राम लिहिण्याच्या साधनांचा खुला संच पुढे आणला. मायक्रोसॉफ्टचा अधिकृत संच जून २०११ मध्ये निघाला. किल्ली कोणाकडे, हा बाजारातला प्रश्न इथेही होताच. ॲपलने २०१३ साली प्राइमसेन्स विकत घेतली आणि पुढच्या वर्षी ओपनएनआयचे संकेतस्थळ बंद झाले.

या संचांपुढची अडचण कोणत्याही दलालाला ओळखीची वाटली असती. हात सारखा हलत असतो; त्यातली कोणती हालचाल खूण आणि कोणती नुसती हालचाल? हत्त्यात दाब सुरू झाला की खूण सुरू आणि हात सुटला की संपली. कॅमेऱ्याला स्पर्श नाही, म्हणून ही सीमा वेगळी शिकवावी लागली. पहिल्या किनेक्टच्या संचाला शरीराचे २० सांधे दिसत, पण बोटे सुटी दिसत नसत. मूठ आवळणे ही खूण २०१३ साली संचात आली. त्याच वर्षी बाजारात आलेल्या लीप मोशनने बोटे वेगळी दाखवली. गूगलच्या मीडियापाइपने २०१९ साली फोनच्या साध्या कॅमेऱ्यातून हाताचे २१ बिंदू ओळखणारा खुला संच दिला: मनगटाचा एक आणि प्रत्येक बोटाचे चार. ताव्हेर्निएने नोंदवलेली पेरे त्या बिंदूंत जवळजवळ जशीच्या तशी सापडतात.

आज जळगाव-धुळ्याचा कोणताही अभियांत्रिकीचा विद्यार्थी साध्या फोनवर हे बिंदू उमटवू शकतो. त्याने एखाद्या बाजाराच्या दिवशी गुरांच्या बाजारात जावे, जुन्या दलालांना भेटावे आणि हत्त्याच्या खुणा, कोणत्या बोटाला कोणता आकडा, पाव आणि अर्धा कसा दाखवतात, हे चित्रांसह उतरवून ठेवावे. ते सांगणारी माणसे आहेत तोवरच हे काम होईल.