शहाळं देऊन पाहुणा नेणारी बेटं



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी कर्ज मागितलं. घराच्या समुद्राकडच्या अंगाला दोन खोल्या काढायच्या आणि पर्यटकांना राहायला द्यायच्या, असा त्यांचा बेत. काहीजणी खूश झाल्या. काहीजणींनी लगेच विचारलं, "परकी माणसं घरात कशी ठेवायची? आणि एवढी मोठी हॉटेलं सोडून आपल्याकडे येणार कोण?"

दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण ते आपल्यालाच पहिल्यांदा पडलेत असं नाही. समुद्रातल्या एका अख्ख्या देशाला ते पडले होते. म्हणून आज त्या देशाची, मालदीवची, गोष्ट सांगते.

मालदीव म्हणजे आपल्या केरळच्या नैर्ऋत्येला हिंदी महासागरात पसरलेली सुमारे १,२०० लहान लहान बेटं. माणसं राहतात ती त्यातल्या दोनशेच्या आसपास बेटांवर. आपण 'फुटकी कवडी मिळाली नाही' म्हणतो ना, ती कवडी एके काळी खरोखरच पैसा म्हणून चालायची. बंगालच्या बाजारात चालणाऱ्या कवड्या मुख्यतः मालदीवच्या समुद्रातून यायच्या.

चौदाव्या शतकात, १३४३च्या सुमाराला, इब्न बतूता नावाचा मोरोक्कोचा प्रवासी तिथं पोचला. त्याआधी तो आपल्या दौलताबादलाही येऊन गेला होता. मालदीवमध्ये तो काझी म्हणून राहिला. तिथं तेव्हा खदीजा नावाची राणी राज्य करत होती, असं तो लिहितो. नारळाचा काथ्या कुजवून, बडवून बायका त्याचा दोर वळतात, हेही त्यानं टिपून ठेवलंय. आपल्या कोकणातल्या बायकांना हे काम नवं नाही.

पण त्यानं सांगितलेली एक रीत मला फार आवडली. परदेशी गलबत आलं की गावकरी लहान होड्या घेऊन सामोरे जायचे. होडीत विड्याची पानं आणि शहाळी. ज्याच्या हातात शहाळं दिलं, तो त्या घरचा पाहुणा झाला. मग त्याचं सामानसुमान नातेवाइकासारखं घरी न्यायचं. म्हणजे आलेल्या माणसानं कुठं उतरायचं, हे ठरायचं ते घरच्या माणसाच्या शहाळ्यानं.

आता एकदम १९७२ सालात येऊ. तोवर मालदीव मासेमारीवर जगणारा गरीब देश होता. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी तर इथं पर्यटन चालायचं नाही, असंच सांगितलं होतं. तरी त्या वर्षी फेब्रुवारीत वीसेक इटालियन प्रवासी माले या राजधानीत आले. राहण्याजोगं हॉटेल नव्हतं, म्हणून त्यांना लोकांच्या तीन घरांत उतरवलं. पहिले पर्यटक राहिले ते घरांतच!

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मालेजवळच्या, वस्ती नसलेल्या एका बेटावर पहिलं रिसॉर्ट सुरू झालं. तीस खोल्या, प्रवाळाच्या दगडांच्या भिंती, वर झावळ्यांचं छप्पर. नाव ठेवलं 'कुरुंबा'. तिथल्या दिवेही भाषेत याचा अर्थ काय, माहीत आहे? शहाळं!

नाव तेच राहिलं, पण रीत उलटी झाली. पुढे एक बेट, एक रिसॉर्ट असा नियम आला. मुस्लिम देश, त्यात पर्यटकांची दारू आणि पोहण्याचे कपडे. गावाचं वळण बिघडू नये म्हणून पर्यटक वेगळ्या बेटांवर ठेवायचे, असं सरकारनं ठरवलं. १९८०च्या दशकात वस्तीच्या बेटांवरची पाहुणाघरंही बंद झाली. देशाला परकीय चलन मिळालं, गरिबी हटायला मदत झाली, हे नाकारता येत नाही. पण पर्यटक विमानतळावरून बोटीनं थेट रिसॉर्टला जायचा आणि तिथूनच परत. गावातल्या बाईला त्याला एक मासा विकता येत नव्हता. नोकरीसाठी पुरुष महिनोन् महिने घराबाहेर राहायचे. मुलींना दूरच्या बेटावर पाठवायला घरचे तयार नसत, त्यामुळे रिसॉर्टच्या कामात तिथल्या बायका फार थोड्या.

२००८ साली तिथं पहिल्यांदा अनेक पक्षांची अध्यक्षीय निवडणूक झाली. नव्या सरकारनं २००९मध्ये गावांत पाहुणाघरं चालवायला परवानगी दिली. माफुशी हे मच्छीमारांचं बेट. तिथला तुरुंग तेवढा सगळ्यांना माहीत. २०१०मध्ये तिथं पहिलं पाहुणाघर उघडलं आणि काही वर्षांतच डझनावारी झाली. मग गावच्या वळणाचं काय? गावानं नियम घातले. गावात दारू नाही. पोहण्याच्या कपड्यांत वावरायला वेगळा आडोशाचा किनारा. बाकी सगळीकडे अंगभर कपडे. पाहुण्यांनी ते पाळले.

सगळं गोडच झालं असं नाही. ज्याच्याकडे जागा आणि भांडवल, तो मोठा झाला. घरांच्या जागी मजल्यावर मजले चढले. कचरा वाढला. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं, ते दुसऱ्याच्या पाहुणाघरात चादरी बदलायला राहिले.

मैत्रिणींनो, यातून मला एवढं कळलं की सहलीला कुठं राहायचं, हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. आपला पैसा कोणाच्या चुलीपर्यंत पोचणार, हे त्यात ठरतं. तेव्हा गटाची सहल निघाली की खोलीचं भाडं विचारा, पाणी आणि न्हाणीघर बघा, पण आणखी दोन गोष्टी विचारा. हे घर कोणाचं? आणि जेवण कोण रांधतं?

आणि आपणच खोली देणार असू, तर नियम आधी आपण ठरवायचे, गिऱ्हाईक आल्यावर नाही. आपला सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. २०२३मध्ये राज्य सरकारनं महिलांसाठी 'आई' हे पर्यटन धोरण आणलं. त्यात कर्जाच्या व्याजाला मदत आहे. त्याची चौकशी गटानं एकत्र करावी, म्हणजे एकीच्याच दोन खोल्या होऊन बाकीच्या चादरी धुवत बसणार नाहीत. कोणाच्या खोल्या, कोणाचं जेवण, कोणाची कोकमं आणि पापड, हे आधीच वाटून घेता येईल.

आमच्या ताईंचा अर्ज पुढच्या बैठकीत आहे. मी हीच गोष्ट तिथं सांगणार आहे, आणि मग मत मांडणार आहे. माझं मत? शहाळं आपल्याच हातात असावं.