फक्करथ ते पांगुळगाडा

शहापूर आणि मुरबाड. आपल्यासारख्या शनिवार-रविवारच्या लोकांना हे दोन तालुके माहीत असतात ते माहुलीचा किल्ला आणि माळशेजचे धबधबे यांच्यामुळे. माझं आजोळ मुरबाड तालुक्यातलं, त्यामुळे तिथली आणखी एक गोष्ट मी लहानपणापासून बघतोय. एखादं पोर वर्षाचं झालं तरी मान धरत नाही, बसत नाही, पाय कात्रीसारखे आवळून घेतं, की घरचे दोन वाटांनी धावतात. एक वाट कल्याणच्या डॉक्टरकडे, दुसरी कुणीतरी सांगितलेल्या वैद्याकडे. बहुतेक जण दोन्हीकडे. यंदा अशाच एका मुलीसाठी मला विचारणा झाली, "तू इंजिनीयर ना, नेटवर बघून सांग, आयुर्वेदात याला औषध आहे का?" मी डॉक्टर नाही, पण प्रश्न डोक्यात बसला आणि दोन-तीन वीकेंड त्यात गेले. जे सापडलं ते उत्तरापेक्षा इतिहासच जास्त आहे.

आधी आजार म्हणजे काय ते. सेरेब्रल पाल्सी, मराठीत मेंदूचा पक्षाघात. वाढत्या मेंदूला गर्भात, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काळात इजा होते आणि हालचालींवरचा ताबा बिघडतो. आपल्या भाषेत, मोटर ठीक, वायरिंग ठीक, गडबड कंट्रोलरमध्ये. इजा वाढत जात नाही, पण भरूनही येत नाही. हजार जन्मांमागे साधारण दोन-तीन मुलं. बुद्धी शाबूत असू शकते, हे मात्र लोकांना पटता पटत नाही.

पाश्चात्त्य वैद्यकात या आजाराची नीट नोंद केली ती लंडनच्या विल्यम जॉन लिटलने. त्याचा स्वतःचा पाय लहानपणच्या आजारात वाकडा झालेला, आणि तो सरळ करून घ्यायला तो थेट जर्मनीत गेला होता. १८६१ मध्ये त्याने लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांपुढे मांडलं की अवघड बाळंतपण, वेळेआधी जन्म आणि जन्मताना श्वास कोंडणं यामुळे मुलांचे हातपाय ताठरतात. पुढे बराच काळ या आजाराला 'लिटलचा आजार'च म्हणत. मग आला सिग्मंड फ्रॉइड. हो, तोच! मनोविश्लेषणाच्या आधी तो मेंदूविकारांचा डॉक्टर होता आणि १८९७ मध्ये त्याने या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याची शंका अशी, की अवघड बाळंतपण हे दरवेळी कारण कशावरून? गर्भातच काहीतरी बिघडलेलं असेल आणि बाळंतपण अवघड होणं हा त्याचाच परिणाम असेल तर? तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या हजारो गर्भारपणांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की अशा बहुसंख्य मुलांमध्ये जन्मताना श्वास कोंडल्याची खूणच नव्हती. अर्थात आपल्याकडे वेळेत न मिळालेली प्रसूतीची मदत, बाळाची वाढलेली कावीळ, मेंदूत गेलेला संसर्ग यांचा वाटा अजून मोठा आहे. तरीही "सुईणीने घात केला" किंवा "आईने ग्रहण पाळलं नाही" असं सरसकट म्हणणाऱ्यांना फ्रॉइड वाचायला द्यायला हवा.

आता आयुर्वेद. चरकाने चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात वातव्याधी सांगितलेत, त्यात पक्षाघात आहे. पण लहान मुलांचं खरं पुस्तक म्हणजे काश्यपसंहिता. ही जवळजवळ हरवलीच होती. नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांच्या संग्रहात तिचं अपुरं हस्तलिखित होतं, आणि १९३८ मध्ये ती छापली गेली ती आपल्या मुंबईत, निर्णयसागर छापखान्यात. तिच्यात 'फक्क' नावाचा रोग आहे. वर्षाचं होऊनही जे मूल पायावर चालत नाही ते फक्क. प्रकार तीन: आईच्या दूषित दुधामुळे होणारा, आई पुन्हा लवकर गरोदर राहिल्याने होणारा आणि आजारपणामुळे होणारा. उपचारात तूप, पोट साफ करणं, दूध, पौष्टिक आहार, अंगाला तेल, आणि शेवटी सुताराकडून बनवून घ्यायचा तीन चाकांचा रथ, ज्याला धरून मुलाने चालायला शिकायचं.

हे वाचून मी उडालोच. म्हणजे आपला पांगुळगाडा! शब्दातच 'पांगळा' दडलाय आणि आपण तो धडधाकट पोरांच्या हातात देतो.

पण फक्क म्हणजे सेरेब्रल पाल्सी का? बरेच वैद्य हो म्हणतात. मला नाही पटत. आजारपणानंतरच्या फक्काचं वर्णन बघा: सुकलेले नितंब, दंड आणि मांड्या, मोठं पोट, मोठं दिसणारं डोकं. हे मुख्यतः कुपोषण आहे, कदाचित मुडदूसही. आई लवकर पुन्हा गरोदर राहिली आणि अंगावरचं दूध तुटलं, हेही उपासमारीचंच कारण. शहापूर-मुरबाडच्या कातकरी आणि ठाकूर पाड्यांवर हा फरक पुस्तकी राहत नाही. तिथे न चालणारं मूल भुकेलं असू शकतं, आणि मग त्याला दूध, अंडी, अन्न मिळालं की ते उठून चालतं. अशा मुलाला तेल लावल्यावर 'सेरेब्रल पाल्सी बरी झाली' अशी बातमी पसरते. शेजारच्या पाड्यावर ज्याच्या मेंदूला खरंच इजा आहे, त्याचे आईबाप मग बैल विकून त्याच वैद्याकडे जातात.

म्हणजे आयुर्वेद टाकाऊ? तसंही नाही. तेलाचं मालिश आणि साठेसाळीचा भात दुधात शिजवून त्याच्या पुरचुंडीने दिलेला शेक, यांनी ताठरलेले स्नायू काही वेळ सैल पडू शकतात, मूल शांत होतं आणि त्यानंतर व्यायाम सोपा जातो. यावर आणि बस्तीवर छोटे अभ्यास झालेत, काहींत सुधारणा दिसलीये. पण ते फार लहान आहेत, आणि मेंदूची इजा भरून निघते असं त्यातल्या कशानेही सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे जोडीला घ्यायचं तर घ्यावं, फिजिओथेरपीच्या बदल्यात नको. काही गोष्टी मात्र सरळ धोक्याच्या. ज्याला नीट गिळता येत नाही त्याच्या नाकातोंडात तेल-तूप घालणं, कारण ते फुप्फुसात उतरतं. फिटच्या गोळ्या बंद करणं, कारण यातल्या बऱ्याच मुलांना फिट येतात. आणि भस्मं. २००४ मध्ये बॉस्टन भागातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शिसं मेंदूलाच मारतं, तेही लहान मुलांच्या आधी.

मुंबईत या मुलांसाठी काम उभं राहिलं ते मिठू अलूर यांच्यामुळे. मुलगी मालिनीला सेरेब्रल पाल्सी होती. २ ऑक्टोबर १९७२ ला त्यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली, पहिल्या शाळेत मुलं होती तीन. मालिनी छिब यांनी पुढे एका बोटाने टाइप करून आत्मचरित्र लिहिलं. १९९९ मध्ये नॅशनल ट्रस्टचा कायदा आला, त्याच्या नावातच सेरेब्रल पाल्सी आहे. पण हे सगळं मुंबई-दिल्लीत. तानसाचं पाणी १८९२ पासून शहापूरहून मुंबईला जातंय. मुंबईचे थेरपिस्ट उलट दिशेने फार क्वचित येतात. असो.

६ फेब्रुवारी २०१३ ला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशभरासाठी सुरू झाला तो पालघरात, जे तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. या योजनेचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं आणि गरज असेल त्यांना जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतं. वेळेचं महत्त्व इथे प्रचंड आहे. २००२ च्या एका कॅनेडियन अभ्यासात दिसलं की ही मुलं हालचालींची आपली बहुतेक क्षमता पाच वर्षांच्या आतच गाठतात. मग चौथ्या महिन्यात मान धरली नाही, मूठ सतत मिटलेली राहिली, वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरायला लागलं, तर "मुलगे उशिरा चालतात" म्हणत थांबायचं कशाला?

अडतं ते पुढे. मुरबाडला रेल्वे नाही. आठवड्यातून तीनदा ताठ झालेलं मूल कडेवर घेऊन एसटीने कल्याण आणि तिथून लोकलने ठाणे, म्हणजे दर खेपेला एक मजुरी बुडाली. म्हणून खेड्यांत काम करणारे थेरपिस्ट आईलाच शिकवतात: भिंतींच्या कोपऱ्यात उशा लावून मुलाला कसं बसवायचं, उचलताना कात्री झालेले पाय आधी कसे सोडवायचे, घास भरवताना मान मागे का जाऊ द्यायची नाही. रोजच्या मालिशच्या वेळेतच हे व्यायामही उरकता येतात.