कोळशावर वसलेले आपले घुग्घुस



विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत आपल्या गावाचा इतिहास थोडक्यात मांडावा, असे आम्हांस वाटले. किल्ले आणि राजवाडे असलेल्या गावांचे इतिहास पुस्तकांत सापडतात. आपले गाव खाण कामगारांचे. त्याचा बराचसा इतिहास जमिनीच्या खाली आहे.

घुग्घुस वर्धा नदीच्या काठी आहे. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्याचा वणी तालुका लागतो. थोडे खाली गेले की वढा येथे वर्धा आणि पैनगंगेचा संगम होतो. वरची काळी माती आणि त्याखालचा कामठी थराचा वाळूचा दगड ओलांडला की कोळसा लागतो. पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या जंगलांचा तो गाळ आहे. वरोऱ्यापासून राजुऱ्यापर्यंत पसरलेल्या या पट्ट्याला वर्धा खोरे कोळसा क्षेत्र म्हणतात.

या पट्ट्यात वरोऱ्याची सरकारी खाण 1871 मध्ये सुरू झाली आणि 1906 मध्ये बंद पडली. घुग्घुसचा कोळसाही 1870 च्या सुमारास माहीत झाला होता. पुढे ताडाळीहून रेल्वेचा फाटा आला, खासगी कंपन्यांच्या खाणी चालल्या. 1973 मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, 1975 मध्ये वेकोलि स्थापन झाली. कामासाठी तेलंगणातून, छत्तीसगडातून, उत्तर प्रदेश-बिहारातून माणसे आली. म्हणूनच आपल्या बाजारात मराठीबरोबर तेलुगू आणि हिंदीही ऐकू येते.

खाण कामगारांचा विचार करताना बाबासाहेबांची आठवण होणारच. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना, डिसेंबर 1943 मध्ये त्यांनी धनबाद-झरिया भागातील कोळसा खाणींची स्वतः पाहणी केली. 1944 च्या जानेवारीत कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. 16 ऑक्टोबर 1956 रोजी चंद्रपूरला धम्मदीक्षा झाली, तेव्हा या जिल्ह्यातील कष्टकरी माणूस लोटला होता.

आता गावाखालच्या जमिनीविषयी. जुन्या भूमिगत खाणीत कोळसा काढताना मधे खांब राखतात आणि त्यांच्यामधून गॅलऱ्या जातात. पुढे खांबही काढले, पोकळी वाळूने नीट भरली नाही, किंवा पाणी मुरून खांब कमजोर झाले, तर वरची जमीन बसते. गाव वाढत गेले, खाण बंद झाली, आणि खाली काय आहे हे नव्या पिढीला ठाऊकच राहिले नाही. 26 ऑगस्ट 2022 रोजी आमराई वॉर्डातले एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. घरातली माणसे वेळीच बाहेर आली, म्हणून जीव वाचले. शेजारच्या कुटुंबांना मात्र आपली घरे सोडावी लागली. ज्यांनी काडी-काडी जमवून घर बांधले, त्यांचे दुःख आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून इतिहास हा केवळ अभिमानासाठी नसतो, जीव वाचवण्यासाठीही असतो. खाण बंद करताना तिचा नकाशा धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावा लागतो. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली तो आपण मागू शकतो. 2020 च्या अखेरीस आपल्या गावाला नगर परिषद मिळाली. तिच्या कचेरीत असा नकाशा सर्वांना पाहता यावा, घर बांधण्याआधी तो दाखवला जावा, असा आग्रह आपण एकजुटीने धरला पाहिजे.

आमची वडीलधाऱ्यांना नम्र विनंती आहे. ज्यांनी इनक्लाइनमध्ये उतरून काम केले, त्यांनी कोणत्या वॉर्डाखालून कोणती गॅलरी गेली, कुठे पाणी लागत होते, कुठे छत बसले होते, हे विहारात येऊन सांगावे. शिकलेल्या पोरापोरींनी ते वहीत उतरवावे, तारखेनिशी, नावानिशी. तुमच्या आठवणी म्हणजे गावाचा दस्तऐवज आहे. तो तुमच्याबरोबर जाऊ देऊ नका.

जयभीम! नमो बुद्धाय!